काचेच्या फ्रेममधल्या जुन्या फोटोंची कॉपी कॅमेऱ्याने कशी काढायची? चमक येते, फोटो वाकडा येतो

रानवाट
नमस्कार मंडळी, जरा मदत हवीये. काकांकडे पणजोबा-पणजीचा एक मोठा फोटो आहे, साधारण बारा बाय पंधरा इंच, जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला आणि काचेच्या फ्रेममध्ये. शिवाय आजोबांच्या भावंडांचे काही लहान ब्लॅक अँड व्हाईट फोटो आणि एक जुना रंगीत अल्बम. काका फोटो घराबाहेर न्यायला देत नाहीत आणि त्यात त्यांचं काही चुकतंय असं मला वाटत नाही, एकच प्रत आहे, निगेटिव्ह कुणाकडेच नाही. म्हणून आम्ही सगळ्या चुलत-आते भावंडांनी ठरवलंय की त्यांच्याच घरी बसून सगळ्याचे नीट फोटो काढायचे आणि प्रत्येकाला मोठ्या फोटोची एकेक प्रिंट द्यायची.

आतापर्यंत घरातल्या लोकांनी मोबाईलने जे काढलेत त्यात काचेवर ट्यूबलाईटची पांढरी पट्टी, काढणाऱ्याचा हात आणि शर्ट, आणि फोटो वरून अरुंद खालून रुंद असा येतो. माझ्याकडे २४ मेगापिक्सेलचा कॅमेरा आहे, सोबत आलेली १८-५५ लेन्स आणि ट्रायपॉड. फ्रेम उघडू का? एका कोपऱ्यात फोटो काचेला चिकटल्यासारखा दिसतो, तिथे ओलसर डागासारखं काहीतरी आहे. आणि काळ्या कोटाच्या भागावर तिरकं बघितलं की निळसर चंदेरी चमक दिसते ती बुरशी आहे का? स्कॅनर आणला तर जास्त बरं पडेल का? एवढ्या फाईलमधून मूळ साईजची प्रिंट निघेल का तेही सांगा.

उजेडवाला
चांगलं काम हातात घेतलंय, सविस्तर सांगतो. नात्यातल्या बऱ्याच जणांचे जुने फोटो मी असेच त्यांच्या घरी जाऊन कॉपी करून दिलेत, त्यामुळे घरातल्या सामानावर काय जमतं ते माहितीये.

आधी वाकडेपणाचं, कारण ते सोपं आहे. फोटो वरून अरुंद येतो म्हणजे कॅमेऱ्याचा सेन्सर आणि फोटो समांतर नाहीत, बाकी काही नाही. भिंतीवर टांगलेली फ्रेम थोडी पुढे झुकलेली असते त्यामुळे टांगलेल्या फ्रेमचा फोटो काढूच नका, खाली उतरवून टेबलाला टेकवून सरळ उभी करा किंवा जमिनीवर आडवी ठेवून वरून काढा. आता समांतर आहे की नाही हे डोळ्याने नाही कळत, त्याला एक फार छान युक्ती आहे. एक छोटा सपाट आरसा घ्या, फ्रेमच्या मधोमध काचेला टेकवून धरा (फोटो उघडा असेल तर आरसा फोटोवर ठेवू नका, शेजारी त्याच पातळीला ठेवा आणि कॅमेरा त्याच्यावर नेऊन जुळवा) आणि स्क्रीनवर बघा, आरशात तुमच्याच लेन्सचा गोल दिसेल. तो गोल बरोबर मध्यावर आला की कॅमेरा काटकोनात आहे. गोल डावीकडे दिसतोय, वर दिसतोय, तसतसा ट्रायपॉड हलवत जायचं. एकदा जमलं की त्या उंचीला सगळं काम उरकून घ्या. नंतर सॉफ्टवेअरमध्ये कोपरे ओढून सरळ करता येतं, पण त्यात चेहऱ्याची लांबी-रुंदी जराशी तरी बदलते आणि माणसांचे फोटो आहेत म्हटल्यावर ते मला चालत नाही.

लेन्स १८ वर ठेवू नका, तिथे कडा फुगतात. ५० च्या आसपास ठेवा आणि मागे सरका. एफ ८ (लेन्सचं छिद्र), आयएसओ १०० (उजेडाची संवेदनशीलता), दोन सेकंदांचा टायमर म्हणजे बटण दाबताना हलणार नाही, ट्रायपॉड असल्यावर शटर कितीही हळू चालेल. स्क्रीनवर झूम करून डोळ्यांवर नाहीतर साडीच्या काठावर हाताने फोकस करा, कारण काच असली की ऑटो फोकस कधीकधी काचेवरच्या धुळीवर किंवा प्रतिबिंबावर जाऊन बसतो. रॉ मध्ये काढा, म्हणजे कॅमेऱ्याने काटछाट न केलेली मूळ फाईल.

आता उजेड. कॅमेऱ्यावरचा फ्लॅश बंद. दोन सारखे दिवे, एक डावीकडे एक उजवीकडे, फोटोच्या पातळीशी ४५ अंशांत आणि दोन्ही सारख्याच अंतरावर. काच असेल तर ४५ पेक्षाही कमी, ३० च्या आसपास न्या, म्हणजे दिव्याचा परावर्तित उजेड पलीकडच्या बाजूला निघून जातो आणि लेन्समध्ये येत नाही. दिवे जवळ आणू नका, लांब ठेवा, जवळचा दिवा कडेला भडक आणि मध्ये मंद उजेड देतो. सारखा पडतोय का हे बघायला फोटोच्या जागी एक पांढरा कागद ठेवा आणि मध्यावर पेन्सिल उभी धरा, दोन्ही बाजूंना पडलेल्या सावल्या सारख्याच गडद आणि सारख्याच लांब दिसल्या की झालं. खोलीतली ट्यूब बंद, खिडकीचा पडदा ओढलेला, नाहीतर दोन रंगांचा उजेड मिसळतो आणि तो नंतर कशानेच सुटत नाही.

एवढं करूनही काचेत कॅमेरा आणि तुम्ही दिसणारच, कारण काचेसमोर जे उजळ आहे ते काच दाखवणार. मग काचेसमोर उजळ काही ठेवायचंच नाही. मोठा काळा कापड किंवा काळा कार्डशीट घ्या, मध्ये लेन्सपुरतं भोक पाडा आणि लेन्स त्यातून बाहेर काढा. कॅमेरा, ट्रायपॉड, तुमचे हात सगळं त्या काळ्याच्या मागे. आडवी फ्रेम ठेवून वरून काढत असाल तर पांढरं छत काचेत उतरतं, तेही याच काळ्या कापडाने झाकलं जातं. ही एक गोष्ट केलीत तर निम्म्याहून जास्त त्रास तिथेच संपतो.

प्रिंटचं गणित: २४ मेगापिक्सेल म्हणजे ६००० बाय ४०००. फोटो १२ बाय १५, म्हणजे १२ इंचाच्या बाजूला ४००० पिक्सेल, इंचाला साधारण ३३०, कडेला थोडी जागा सोडलीत तरी ३०० च्या आसपास राहतात. मूळ साईजची प्रिंट उत्तम निघेल, थोडी मोठीसुद्धा.

जुनी_पेटी
उजेडवाल्यांनी छान सांगितलंय, मी फक्त फ्रेम उघडण्याबद्दल बोलते कारण सगळ्यात जास्त नुकसान तिथे होतं.

रानवाट, कोपरा चिकटलाय असं म्हणताय ना, मग फ्रेम उघडू नका. अगदी स्पष्ट सांगते. त्या काळच्या बहुतेक फोटोंवर जिलेटिनचा थर असतो, चेहरा-कपडे सगळं त्या पातळ थरातच आहे, कागद फक्त आधाराला. दमट हवेत जिलेटिन फुगतं, मऊ होतं, काचेला टेकलेलं असेल तर तिथेच चिकटतं आणि वाळलं की काचेचा आणि त्याचा जोड कागदाच्या जोडापेक्षा घट्ट होऊन बसतो. मग काच उचलली की कागद मागे राहतो आणि चित्र काचेबरोबर येतं. पाणी, वाफ, हेअर ड्रायर, फ्रीजरमध्ये ठेवणं, सुरीचं पातं घालणं, घरोघरी सांगितले जाणारे यातले कुठलेही उपाय करू नका. काचेसकट कॉपी काढा. चिकटलेला भाग जरा गडद आणि ओला दिसेल, कॉपीत तो दुरुस्त करता येतो, फाटलेला मूळ फोटो मात्र परत जोडता येत नाही. पुढे कधी सोडवायचाच असेल तर कागद आणि फोटोंचं जतन शिकलेल्या माणसाकडेच द्या, फ्रेमवाल्याकडे नको.

काच पुसताना द्रव थेट काचेवर फवारू नका, तो कडेने आत शिरतो आणि पुठ्ठा ते पाणी धरून ठेवतो. लांब जाऊन कापडावर घ्या, कापड जेमतेम ओलसर, मग पुसा आणि कडांपासून बोटभर आत थांबा. जे लहान फोटो सुटे आहेत त्यांच्यावर फक्त हवेचा फुगा किंवा मऊ ब्रश, मधून बाहेरच्या दिशेला. तोंडाने फुंकू नका, थुंकीचे बारीक कण उडतात. हात धुऊन पूर्ण कोरडे करा आणि कडेला धरा.

ती निळसर चंदेरी चमक बहुतेक बुरशी नाहीये. फोटोतली चांदी हवेतल्या वायूंनी आणि ओलाव्याने हळूहळू झिजते, पृष्ठभागावर येते आणि तिथे परत धातूची चांदी होऊन बसते, म्हणून जिथे चांदी जास्त म्हणजे काळा कोट, केस, कडा, तिथे आरशासारखं चमकतं. बुरशी असली तर धाग्यांसारखी किंवा ठिपक्यांची केसाळ वाढ दिसते. सुट्या फोटोंवर तसं दिसलं तर ते फोटो बाकीच्यांपासून वेगळे ठेवा, नाकावर मास्क लावा आणि पुसू नका, पुसलं की ती थरात घासली जाते. चांदीची चमकही पुसायची नाही बरं का, ती चित्राचाच भाग आहे.

गुंडाळी झालेले फोटो असतील तर तेही जबरदस्तीने सपाट करू नका, थर तडकतो. जेवढे उघडतात तेवढेच उघडून कॉपी काढा.

रानवाट
जुनी_पेटी ताई, बरं झालं विचारलं, मागचे खिळे काढायची तयारी झाली होती आमची. उजेडवाले दादा, त्या चंदेरी चमकेवर काळा कापड चालेल का? आणि सीपीएल म्हणजे लेन्सवर फिरवायचा पोलरायझिंग फिल्टर आहे माझ्याकडे, तो लावला तर?

उजेडवाला
काळा कापड प्रतिबिंबासाठी. चंदेरी चमक दिव्यांमुळे येते, तिच्यावर कापडाचा फारसा उपयोग नाही.

नुसत्या सीपीएलबद्दल मोठा गैरसमज आहे. पाण्यावर, दुकानाच्या काचेवर तिरकं बघताना तो कमाल करतो कारण तिरका परावर्तित उजेड ध्रुवीकृत झालेला असतो, म्हणजे त्याच्या लहरी मुख्यतः एकाच दिशेत हलतात. पण आपण फोटोच्या अगदी समोर काटकोनात उभे असतो, तिथे काचेतून येणारं प्रतिबिंब ध्रुवीकृत होतच नाही, आणि धातूवरून येणारी चमकही तशी होत नाही. म्हणून फिल्टर कितीही फिरवला तरी फरक दिसत नाही आणि लोक म्हणतात फिल्टर खराब आहे.

उपाय असा की उजेडच आधी ध्रुवीकृत करायचा. पोलरायझिंग फिल्मची शीट मिळते, ती दोन्ही दिव्यांसमोर लावायची, दोन्हींची दिशा सारखी, आणि मग लेन्सवरचा सीपीएल फिरवत जायचं. एका जागी येताच चंदेरी चमक, काचेवरचा ग्लेअर, रेशमी पोताच्या कागदाचे चमचमणारे ठिपके सगळं एकदम नाहीसं होतं आणि खालचा काळा कोट बटणांसकट दिसायला लागतो. कोटाच्या काळ्यात लपलेली घड्याळाची साखळी अशी बाहेर येताना मी बघितलीये, घरातल्या कुणालाच ती तिथे आहे हे माहीत नव्हतं. दोन-तीन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे निम्मा) उजेड कमी होतो, तेवढं शटर वाढवा. फिल्म गरम दिव्याजवळ नेऊ नका, वितळते, एलईडीच वापरा, आणि रंग खरे दाखवणारे म्हणजे सीआरआय ९० च्या वरचे. एक लक्षात ठेवा, या पद्धतीत कॉन्ट्रास्ट वाढतो त्यामुळे प्रत्येक मोठ्या फोटोचा एक शॉट फिल्मशिवायही घेऊन ठेवा.

पाऊलखुणा
मोबाईलवाल्यांच्या वतीने थोडं. सगळ्यांकडे कॅमेरा नसतो आणि म्हणून काम लांबणीवर टाकू नका, लहान फोटो मोबाईलने मस्त होतात. मुख्य कॅमेरा वापरायचा, अल्ट्रा वाईड नाही, ब्युटी मोड आणि पोर्ट्रेट मोड बंद, जवळ घुसायचं नाही तर थोडं लांबून दुप्पट झूमवर काढायचं, मोबाईल पुस्तकांच्या दोन थप्प्यांवर आडवा ठेवला की हात हलत नाही आणि समांतरही राहतो. गुगलचं फोटोस्कॅन नावाचं फुकट ॲप आहे, ते चार कोपऱ्यांकडे फोन नेऊन वेगवेगळे शॉट घ्यायला लावतं आणि जोडून ग्लेअर काढून टाकतं, अल्बमच्या पानांना बरं पडतं, पण बारीक तपशील थोडे मऊ होतात म्हणून मोठ्या फोटोला मी ते वापरणार नाही. १२ मेगापिक्सेलच्या फोनवर तुमचा मोठा फोटो इंचाला २५० पिक्सेलने येतो, भिंतीवर लावायला तेवढं पुरतं खरंतर.

स्कॅनरचं म्हणाल तर सुटे, सपाट, गुळगुळीत फोटो ६०० डीपीआयला (इंचाला ६०० ठिपके) स्कॅनरवर कॅमेऱ्यापेक्षा कमी कटकटीत होतात. फ्रेममधला, वाकलेला, जाड पुठ्ठ्याचा, पोताच्या कागदाचा, यातलं काहीही असेल तर कॅमेराच. पातळ स्वस्त स्कॅनरला काचेपासून जरासं वर उचललेलं काही नीट दिसत नाही, धूसर येतं. आणि स्कॅनरचा दिवा एकाच बाजूने पडतो त्यामुळे पोत उठून दिसतो.

खडूफळा
रंगाबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो.

ब्लॅक अँड व्हाईट फोटोसुद्धा रंगीतच काढा. कॅमेऱ्यात मोनोक्रोम मोड लावू नका. कारण पिवळे-तपकिरी डाग निळा उजेड खातात आणि लाल उजेड सोडून देतात, म्हणजे रंगीत फाईलमधल्या लाल, हिरव्या, निळ्या अशा तीन थरांपैकी (चॅनेल) नुसतं लाल चॅनेल उघडलं की चहाच्या रंगाचे डाग बहुतेक गायब झालेले असतात. आणि फोटो डागाळलेला नसून फिका पिवळट पडलेला असेल तर उलट करायचं, निळं चॅनेल बघायचं, तिथे पुसट झालेला चेहरा सगळ्यात ठळक सापडतो. जुने कॉपी करणारे फिल्मवर हेच करायचे, डागांसाठी लेन्सवर पिवळा किंवा लाल फिल्टर आणि फिक्या फोटोंसाठी निळ्यालाच संवेदनशील असलेली फिल्म. आपल्याकडे तिन्ही चॅनेल एकाच शॉटमध्ये आहेत, फक्त ते टाकून द्यायचे नाहीत. खूप जुने, तपकिरी-जांभळट झाकीचे पातळ कागदाचे फोटो जे पुठ्ठ्यावर चिकटवलेले असतात ते अल्ब्युमेनचे असू शकतात, अंड्याच्या पांढऱ्यातला थर, ही पद्धत १८५० मध्ये आली आणि १८९० च्या दशकापर्यंत सर्रास चालली. ते असेच पिवळे होत फिके पडतात, त्यांना निळं चॅनेल फार उपयोगी.

रंगीत अल्बम लालसर झाला असेल ना? त्या काळच्या रंगीत प्रिंटमधला निळसर रंग, ज्याला सायन म्हणतात, तो अंधारात बंद अल्बममध्येसुद्धा उडतो आणि मग लाल-किरमिजी उरतो. ऑटो व्हाईट बॅलन्स (दिव्याच्या रंगाप्रमाणे पांढरं ठरवणं) ठेवलात तर कॅमेरा प्रत्येक पानाला वेगळा अंदाज बांधेल आणि एकाच प्रसंगाचे फोटो वेगवेगळ्या रंगाचे येतील. म्हणून पहिला शॉट ग्रे कार्डचा (निव्वळ करड्या रंगाचं कार्ड) घ्या, त्यावरून व्हाईट बॅलन्स पक्का करा आणि दिवे बदलेपर्यंत हात लावू नका. एक्स्पोजरही मॅन्युअल.

भिरभिरं
एवढं सगळं कशाला? हल्ली एआय ॲप आहेत, मोबाईलने साधा फोटो काढून टाकला की चमक, डाग, चिरा सगळं साफ आणि चेहरा एकदम क्लिअर, रंगसुद्धा भरून देतं. आमच्या ग्रुपवर सगळे तेच करतात आणि रिझल्ट भारी येतात.

जुनी_पेटी
भिरभिरं, चमक-चिरांपुरतं ठीक आहे पण चेहऱ्याबद्दल मी ठामपणे नाही म्हणेन. पुसट चेहऱ्यात जी माहिती नाही ती ॲपला कुठून मिळणार? ते हजारो इतर चेहऱ्यांवरून अंदाजाने डोळे आणि दात काढून देतं. पापण्या येतात, बुबुळात चमक येते, गालावरची देवीची व्रणं साफ होतात, आणि दिसायला छान पण ती पणजी नसते, तिच्यासारखी कुणीतरी बाई असते. ज्यांनी पणजीला प्रत्यक्ष पाहिलंय ते आहेत तोवर कळेल, पुढच्या पिढीला तोच चेहरा खरा वाटणार. साडीचा रंगही असाच ठरवून टाकतात. त्यामुळे आधी जसाच्या तसा कॉपी शॉट, डागांसकट, चिरांसकट, कडा आणि पुठ्ठ्यावरचं स्टुडिओचं नाव दिसेल असा. तो टिफ या दर्जा न घटवणाऱ्या फाईल प्रकारात ठेवा आणि त्याला कुणीही हात लावायचा नाही. दुरुस्ती करायची ती त्याच्या कॉपीवर आणि फाईलच्या नावात दुरुस्त असं लिहून.

भिरभिरं
हे पटतंय. मूळ शॉट वेगळा ठेवायचा हे आमच्याकडे कुणी केलेलंच नाही, सांगते ग्रुपवर.

रानवाट
सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं सविस्तर मिळेल असं वाटलं नव्हतं. ठरलं मग, फ्रेम बंदच ठेवणार, काळा कापड, दोन एलईडी आणि पोलरायझिंग शीट मागवतोय. शेवटचा प्रश्न, काकांना फोटोतल्या सगळ्यांची नावं पाठ आहेत, ती फोटोच्या मागे लिहून ठेवू का? आणि फाईल कुठे ठेवायच्या?

जुनी_पेटी
आधी सुट्या फोटोंच्या मागच्या बाजूचेही फोटो काढा, शिक्के, तारखा, कुणाच्या हातची अक्षरं, तीही तितकीच मोलाची असतात. लिहायचं असेल तर मऊ पेन्सिलने, कडेच्या जागेत, फोटो कडक सपाट जागेवर पालथा ठेवून आणि न दाबता. बॉलपेन नाही, त्याचे दाब समोर उमटतात. रंगीत अल्बममधल्या प्लास्टिकसारख्या कागदावर पेन्सिल चालत नाही, तिथे पाकिटावर लिहून फोटो आत ठेवा. मोठ्या फोटोची एक साधी प्रिंट कागदावर काढून काकांसमोर ठेवा आणि प्रत्येक चेहऱ्यावर आकडा टाकून खाली नावं-नाती लिहून घ्या, काका बोलत असताना मोबाईलवर रेकॉर्डिंग चालू ठेवा, नावाबरोबर बरंच काही सांगतात माणसं. मूळ फाईलच्या तीन प्रती, त्यातल्या दोन वेगवेगळ्या साधनांवर आणि एक दुसऱ्या कुणाच्या तरी घरी. तुम्ही इतकी भावंडं आहात तर ते आपोआपच होईल, फक्त व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवू नका, लहान होऊन जातात, डॉक्युमेंट म्हणून पाठवा नाहीतर पेनड्राईव्हवर द्या.

उजेडवाला
आणि तिथून निघायच्या आधी सगळ्या फाईल लॅपटॉपवर उघडून डोळ्यांपर्यंत झूम करून बघा, फोकस चुकला असेल तर दिवे लावलेले आहेत तोवरच परत घेता येईल. मोठ्या फोटोचे तीन-चार शॉट वेगवेगळ्या एक्स्पोजरचे असू द्या. प्रिंट मॅट कागदावर पिगमेंट शाईने काढून घ्या, आणि फ्रेम करताना काच आणि फोटोमध्ये माउंटची (कडेच्या पुठ्ठ्याची) पट्टी टाकायला सांगा, म्हणजे नवी प्रिंट काचेला चिकटणार नाही.